कोरड्या सालातली वेधशाळा

पाऊस मोजायची नोकरी केली आणि किस्से जमले नाहीत, असा माणूस मला अजून भेटायचाय! सोलापूरच्या वेधशाळेत मी कारकून होतो. नारायणराव माझे वरिष्ठ, कासीमभाई शिपाई. बरेचसे किस्से त्या एका कोरड्या सालातले.

*

रेल्वे स्टेशनावर हवेचा दाब मोजायचा नवा बॅरोमीटर आला. काचेच्या नळीत पारा! कासीमभाई पेटी उराशी धरून टांग्यात बसले. वाटेत घोडा बिथरला, टांगा कलंडला. मागून चालत येणारा मी धावलो तर कासीमभाई रस्त्यावर उताणे, कोपर सुजलेलं, पेटी मात्र छातीवर जशीच्या तशी.

"हात तो जुड जाता साब, ये कां जुडता!"

*

जून सरला तरी आभाळ कोरडं. मोहोळचे एक पाटील चौकशीला आले. नारायणरावांनी नकाशा पसरला.

"इथं, दक्षिण अमेरिकेकडं हवेचा दाब चढला की आपल्याकडं उतरतो, पाऊस बरा होतो. काही वर्षी हे उलटं होतं. यंदा तसंच दिसतंय."

पाटील बराच वेळ नकाशा बघत राहिले.

"म्हंजी आमचं आभाळ तितनं हलतंय व्हय? मग तितं एक तार ठोका की!"

नारायणराव हसले नाहीत. "त्यांच्याही हातात न्हाय, पाटील."

*

श्रावणात पन्नासएक माणसं फाटकातून आत घुसली. हातात काठ्या!

"हे पितळंचं भांडंच पाऊस गिळतंय! फोडा!"

नारायणराव पर्जन्यमापकापुढं उभे राहिले. त्यांनी वरचं नरसाळं काढलं आणि सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, हात घाला. काय गिळलंय ते तुमीच सांगा."

म्हाताऱ्यानं हात घातला. बोटांना लागली ती नुसती धूळ. त्यानं काठी खाली टाकली.

*

पुढच्याच आठवड्यात एक बडे साहेब आले आणि पावसाची वही उघडून बसले. पाऊस कागदावर दिसला, तर दुष्काळी कामं उघडायला नकोत!

"सगळी शून्यंच? मधे चार आकडे घाला. नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

नारायणरावांच्या घरी बायको बाळंतीण होती. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"साहेब, पन्नास वर्षांनी कुणीतरी ही वही उघडून समुद्राचे वारे आणि आपला दुष्काळ ताडून बघेल. हे आकडे मी घाबरून घातले होते, हे त्याला कोण सांगणार?"

साहेब ताडकन उठले. दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. टेबलावरचं पेन उचललं आणि त्या दिवसाच्या शून्याखाली स्वतःची सही केली.