बीडाचं कडं

माह्या डोक्यात राग शिरला की हात आधी उठतो, अक्कल मागून येते. भाजी खारट झाली म्हणून मी बायकोच्या कानाखाली अशी मारली की ती ताटासकट भिंतीवर आदळली. ओठ फुटला. ती माहेरी अकोल्याले गेली नाही, रडली नाही. मी ज्या खोलीत जाईन तिथून फक्त उठून जायची.

आठ दिवसांनी नांदगाव खंडेश्वरहून माय आमच्या अमरावतीच्या घरी आली. पोत्यात जुना पितळी स्टोव्ह. सुनेचा ओठ तिनं पाहिला अन् पोतं माह्यापुढं ठेवलं. मले म्हणे, "हा नीट करून दे."

"अवं माय, घरात गॅस हाय. रॉकेल तरी कुठून आणू?"

"काहून तोंड चालवून राहिला? कर म्हटलं ना!"

टाकी चिंचेनं घासली, पंपाचा चामडी वायसर तेलात भिजवला, निपलातला काजळीचा बोळा पिनेनं काढला. अडलं ते वरच्या कड्यापाशी, ज्यावर भांडं ठेवतात. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चांगलं वजनदार, अन् त्याचे झालेले दोन तुकडे. "हे फेकतो, दुसरं बसवतो," म्हटलं तर माय अशी खेकसली की मी गुपचूप बसस्टँड गाठला. बीड जोडणारा चाचा अकोल्यालेच होता.

चाच्यानं कडं लाल केलं, जोडलं, राखेत गाडलं. "कल सुबह तक हात मत लगाव," म्हणे. मी कशाचा थांबतो! तो जेवायले गेला अन् मी ते उकरून बाहेर काढलं. टण्णकन तडकलं. चाचा परत येऊन शिव्या देऊ लागला, तर मी त्या म्हाताऱ्याची गचांडी धरली. त्यानं तापलेला चिमटा माह्या नाकासमोर आणला, तवा सोडली. शिव्या देतच त्यानं कडं पुन्हा जोडून राखेत गाडलं. सासुरवाडीले जायले तोंड नव्हतं. लॉजवर राहिलो, दुसऱ्या दिवशी जोडलेलं कडं घेतलं अन् घरी आलो.

मायनं ते दोन्ही हातांनी उचललं अन् जमिनीवर आपटलं. फरशी फुटली, कडं नाही.

"तुह्या बापाचा गुडघा यानंच फोडला होता मी," ती म्हणाली.

बैलानं लाथ मारली, असं आम्हाले जन्मभर सांगितलं होतं. बाबा मरेपर्यंत लंगडले.

"रोज मारे मले. त्या दिवसापासून बोट नाही लावलं." मग तिनं सुनेले हाक मारली. "घे वो बाई. आता पक्कं झालं."

बायकोनं कडं हातात घेऊन तोललं अन् माह्या गुडघ्याकडे पाहिलं. मी मागं सरकलो. बाप्पा, काय भेव वाटलं! इतके दिवस ती या घरात असंच भेत भेत माह्यासाठी रांधत होती, हे मले तवा कळलं. लाजेनं मान वर होईना.

 स्टोव्ह अजून कड्याविना पडला हाय. कडं तिच्या उशाशी असते.