धर्माचा रकाना

पांढरकवड्यात मी कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. निकाल लागले की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून अर्धे रकाने मी कुणाला न विचारताच भरून टाकायचो. त्याचा मला अभिमानही होता.

एक मुलगी आली, एकदाच. तेल लावून घट्ट बांधलेली वेणी, हातात वही. वहीत नागपूरच्या कॉलेजांची यादी आणि प्रत्येक नावापुढे मिनिटं लिहिलेली. मी विचारलं, "बस स्टँडपासूनची का?"

"नाही काका, चर्चपर्यंत पायी किती लागते ते."

सगळ्यात नावाजलेलं कॉलेज तिनं चौथ्या नंबरवर टाकलं होतं, कारण तिथून चर्चला पाऊण तास लागत होता. मी समजावून पाहिलं. तिनं क्रम बदलला नाही.

शेवटी तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. धर्माच्या रकान्यात मी सवयीनं 'हिंदू' टाकलं होतं.

"हे काढा. ख्रिश्चन लिवा."

मागे रांग उभी होती. मी हळूच म्हणालो, "राहू दे ना पोरी. होस्टेलात कायले उगाच तरास?"

तिनं आवाज मुळीच खाली घेतला नाही. "रविवारी मले शोधतीन, तवा मी चर्चमंदीच सापडीन. मंग फॉर्मात कायले लपू?"

मी दुरुस्ती केली.

आता त्या रकान्यापाशी मी थांबतो आणि प्रत्येकाला विचारतो. बरेच जण उत्तर देण्याआधी मागच्या रांगेकडे वळून पाहतात.