बाजा दमतो ती जागा

लग्नांत बाजा वाजवणारे ते बीडचे उस्ताद. मी हैदराबादहून बी.ए. होऊन, शाळेत मास्तर म्हणून परतलो, तेव्हा कुणी न सांगता वेशीपर्यंत बाजा घेऊन आले होते. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या जाझची एकच तबकडी होती, पंधरा-सोळा वाद्यांची. ती ते डोळे मिटून ऐकत. मध्येच चाल मंदावून सूर खाली बसत. मग ते डोळे न उघडताच ग्रामोफोनची किल्ली फिरवत आणि सगळी वाद्यं पुन्हा उसळत.

"बघा मास्तर, समदे दमले अन् उठले. वाजवनारे ऱ्हाऊ द्या, ज्यानं हे बसवलं तो लई मोठा मानूस हाय."

हैदराबादला मी तीच तबकडी ऐकली होती. तिथे कुणीच दमत नव्हतं. यांच्या ग्रामोफोनची स्प्रिंगच ढिली होती. हे त्यांना सांगावं का, ते मला कळेना.

मग एका वरातीत त्यांनी बाजा तसाच बसवला. सूर दमत दमत खाली गेले, घोडीही थांबली. नवरदेवाचा मामा खेकसला, "बाजा कावून बंद केला बे?" तेवढ्यात बाजा उठला आणि मामाच आधी नाचू लागला.

उस्तादांनी मला विचारलं, "त्याच्यावानी जमलं का?"

"जमलं," मी म्हणालो. आता कधी हैदराबादला गेलो आणि ती तबकडी लागली की त्या जागी काहीतरी गाळलंय असं मलाच वाटतं.