खुर्चीवरचं चुंबन आणि खाली पाहणारे दिवे

इंगेलिसे रावन फ्युन बेटावर उजेड आखून देई. दोन ग्रंथालयं आणि एक दंतवैद्य एवढी तिची कीर्ती. लोक विचारत, "बल्ब केवढा घालू?" ती म्हणे, "तो बघणार कुठे, ते आधी सांग. झारीत पाणी तेवढंच असतं. अंगणभर शिंपडायचं की एका कुंडीत ओतायचं, हे तोटी ठरवते." तिच्या स्वतःच्या घरातले दिवे इतके खाली टांगलेले, की पाहुणा कपाळावर टेंगूळ आल्याशिवाय घरचा होत नसे.

थोरली बहीण बोदिल आणि तिचा नवरा थोर्किल यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा गावच्या सभागृहातले दिवे साहजिकच इंगेलिसेकडे आले.

"दंतवैद्यासारखं करू नकोस," बोदिलने बजावलं. "चेहरे दिसले पाहिजेत. थोर्किलला ऐकू येत नाही, तो तोंडं बघून गप्पा मारतो. आजच्या दिवशी तो एकटा पडला, तर तुझ्याशी बोलणार नाही मी."

इंगेलिसेने टेबलांवर खोल टोपांचे दिवे अगदी खाली टांगले. उजेड टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पडे आणि तिथून अलगद चेहऱ्यांवर उसळे. थोर्किलने भाषणं डोळ्यांनी ऐकली, विनोदांवर तो वेळेवर हसलाही. इंगेलिसे मनातल्या मनात फुशारली.

तेवढ्यात पाहुण्यांनी काट्या-सुऱ्यांनी ताटल्या वाजवल्या. म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे जोडप्याने खुर्च्यांवर चढून चुंबन घ्यायचं. त्यात वयाची सवलत नाही. दोघं चढली, आणि छातीपासून वर, दिव्यांच्या टोपांपलीकडच्या अंधारात गडप झाली. उजेडात उरली एक इस्त्रीची विजार आणि एक निळा झगा.

"झालं का?" कुणीतरी विचारलं.

"कान होता तो, म्हाताऱ्या!" अंधारातून बोदिल ओरडली. थोर्किलला ना ऐकू आलं, ना दिसलं.

आयुष्यभर बसलेल्या माणसांचाच विचार केलेली इंगेलिसे बुटांसकट टेबलावर चढली, बटाट्यांमध्ये उभी राहिली आणि तिने दिव्याचा टोप धरून त्याचं तोंड छताकडे केलं. पांढऱ्या छतावरून उजेड सगळ्यांवर उतरला. थोर्किलला बायको दिसली, हसून लाल झालेली.

"काय म्हणतेस?"

बोदिलने बोटाने आपले ओठ दाखवले. या खेपेला नेम चुकला नाही.

मग ताटल्या थांबेचनात. इंगेलिसे दिवा धरून तशीच उभी; तिचं डुकराचं रोस्ट गार झालं. अखेर पाहुण्यांनी पाय आपटायला सुरुवात केली. म्हणजे आता चुंबन टेबलाखाली.

"तिथला उजेड मी आखलेला नाही हं," ती वरून म्हणाली.

"तिथे नकोच आहे," बोदिल म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून चादरीखाली शिरली.