रविवार दुपारचा रकाना

वॉर्डात बारा नर्सेस होत्या आणि बारा जणींच्या बारा तऱ्हा. कोणाच्या आईला दर गुरुवारी तपासायला न्यावं लागतं, कोणत्या दोघींना एकत्र रात्रपाळी दिली की त्या सकाळपर्यंत तोंडं फिरवून बसतात, हे सगळं वॉर्डच्या इन्चार्ज, मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात असायचं. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्या औषधांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर बसायच्या आणि पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्यांचा तक्ता करायच्या. बावीस वर्षं हेच चाललं होतं. तक्त्यावरून कधी भांडण झालं नाही, ही त्यांची खरी कमाई.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्या जागी धाकट्या सिस्टर येणार होत्या. कामाला वाघीण, पण घरी दोन वर्षांची मुलगी. एका शुक्रवारी मोठ्या सिस्टरांनी तक्ता त्यांना करायला दिला, तर तासाभराने बिचारीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“मला नाही जमणार हो सिस्टर. एकीला हलवलं की तिघी घसरतात.”

त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी ठरवलं, जायच्या आधी हा तक्ता आपोआप लागेल असा कॉम्प्युटर प्रोग्रॅम करून द्यायचा. दुसऱ्या कोणाकडून करून घेता आला असता. पण बारा जणींची घरची गाऱ्हाणी परक्या माणसाच्या हवाली करणं त्यांना पटेना.

आधी त्या एका क्लासला गेल्या. तिथल्या सरांना जणू गाडी पकडायची होती. पडद्यावर एक पान वाचून होत नाही तोवर दुसरं. मोठ्या सिस्टरांनी डॉक्टरांच्या सूचना लिहून घ्याव्यात तसं सगळं वहीत उतरवलं, अगदी तारीख-वेळेसकट. महिनाभराने वही भरली आणि डोकं रिकामंच राहिलं. शेजारची पोरं “समजलं का काकू?” विचारायची, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग त्यांना इंटरनेटवरचे धडे सापडले. डावीकडे दोन ओळी वाचायच्या, उजवीकडे आपण एक ओळ लिहायची आणि बटण दाबायचं. चुकलं की लगेच लाल अक्षरं, बरोबर आलं की हिरवी खूण. पहिल्या लाल अक्षरांना त्या इतक्या घाबरल्या की लॅपटॉप मिटूनच टाकला. पण चौथ्या दिवशी हिरवी खूण आली आणि बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला हाताला धरून आणलं. नवरा निवृत्त बसड्रायव्हर. बटाटे सोलता सोलता तसाच सुरी घेऊन आला.

“बघा.”

“काय बघू? बारीकशी खूणच तर आहे.”

“अहो, पण ती माझी आहे!”

त्या दिवसापासून तो तिला ‘विद्यार्थिनी’ म्हणायला लागला.

एका धड्यात फळांची यादी करायला सांगितली होती. सिस्टरांनी आपल्या नर्सेसची नावं लिहिली आणि धडा काही पुढे सरकेना. दोन दिवस भांडून शेवटी त्यांनी सफरचंद, केळं लिहिलं, पण मनातून नाही. नवव्या धड्यावर मात्र गाडं रुतलं. एकच काम यादीतल्या प्रत्येकीसाठी पुन्हा पुन्हा करायला कॉम्प्युटरला कसं सांगायचं, ते काही केल्या डोक्यात शिरेना. लाल अक्षरं चूक दाखवायची, पण आपण काय समजून चुकलो ते कुठे सांगायची?

वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी लावलेली होती: शनिवारी दुपारी, अगदी नवख्यांसाठी, एकेकाला शिकवणी. शिकवणारी मुलगी विमा कंपनीत नोकरी करायची. सिस्टरांच्या मुलीच्या वयाची असेल. पण सिस्टर तिला मास्तरीणबाई म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या.

मास्तरीणबाईंची एक पद्धत होती. त्या शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. सिस्टर अडखळल्या की त्या दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या.

“मीही असंच करते,” सिस्टर खूश होऊन म्हणाल्या. “नवी मुलगी पहिलं इंजेक्शन देताना मी हात पाठीमागे बांधते. नाहीतर आपणच देऊन मोकळ्या होतो.”

नववा धडा दोन शनिवारांत सुटला. क्लासच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर अडीच महिन्यांत प्रोग्रॅम उभा राहिला: रात्रपाळ्या आधी भरायच्या, मग सकाळच्या, शेवटी दुपारच्या, ही सिस्टरांचीच रीत. बटण दाबलं आणि अख्खा आठवडा पडद्यावर आला. गुरुवारवालीला गुरुवार मोकळा, भांडणाऱ्या दोघी लांब लांब. फक्त रविवार दुपारचा एक रकाना कोरा.

सिस्टरांनी पुन्हा चालवला. पुन्हा कोरा. पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा, तोच रकाना. पंधरा दिवस त्यांनी एकेक ओळ तपासली. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते.

शनिवारी मास्तरीणबाईंनी त्यांना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. एकही चूक सापडली नाही.

“सिस्टर, हाताने तक्ता करायचात तेव्हा या रकान्यात काय लिहायचात?”

“काही नाही. कोराच ठेवायचे. माणूस कुठेतरी कमी पडायचंच, म्हणून ती पाळी सरकवत सरकवत रविवारवर आणायची. तिथे मी असायचे.”

“आणि तुमची सुट्टी कोणत्या दिवशी?”

“रविवारी.”

मास्तरीणबाईंचे हात अजून मांडीखालीच होते. त्या हळूच म्हणाल्या, “प्रोग्रॅम बरोबर आहे, सिस्टर. तुमच्याकडे एक माणूस कमी आहे.”

सिस्टरांनी लगेच ओळ लिहिली: जिथे कोणी नाही, तिथे इन्चार्ज सिस्टर. तक्ता पूर्ण भरला. घरी येऊन त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा लावला आणि नेमकं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“ही दुपार माझ्या ओळखीची आहे,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं. बावीस वर्षांत त्याने एकदाही तक्रार केली नव्हती. रविवारी रात्री त्या येईपर्यंत ताट वाढून, झाकून ठेवायचा, एवढंच.

“आता निवृत्त होतेयस, सुटलीस,” तो म्हणाला. “यापुढे इन्चार्ज कोण?”

धाकट्या सिस्टर. आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी. आपलं ओझं आपण एका ओळीत बांधून धाकट्या सिस्टरांच्या गळ्यात घालत होतो. त्यांनी ती ओळ पुसली. रकाना कोरा झाला.

सोमवारी तोच तक्ता छापून त्या मेट्रनबाईंसमोर उभ्या राहिल्या.

“एक जागा कमी आहे, मॅडम.”

“इतकी वर्षं तर चालत होतं.”

“चालत नव्हतं. मी ओढत होते.” सिस्टरांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “माझ्यामागून येणारीला ओढू देणार नाही.”

मेट्रनबाईंनी कागदाकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. रविवारपुरती दुसऱ्या वॉर्डातली नर्स लगेच मिळाली. कायमच्या जागेचा अर्ज त्यांनी स्वतः वर पाठवला.

त्या रविवारी मोठ्या सिस्टर दिवसभर घरी होत्या. कंटाळल्या, दोनदा कपाट आवरलं, वॉर्डात फोन करायला निघाल्या आणि थांबल्या. रात्री दोघं जेवायला बसली. नवऱ्याने तिचं ताट वाढलं, तिच्यापुढे ठेवलं आणि सवयीने त्यावर झाकण घातलं.

“अहो,” ती म्हणाली, “मी इथेच आहे.”

त्याने झाकणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग झाकण उचललं आणि ते हातातच धरून तो जेवायला बसला.