दसऱ्याला पुजलेले दोन कॉम्प्युटर

धाकटी जाऊ मला आवडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

बारा वर्षं आमच्या वाडीत कॉम्प्युटरची बाई म्हणजे मी. कॉलेजचे फॉर्म, होडीचे कागद, रेशनकार्डातली नावं, मुंबईला असलेल्या मुलांची तिकिटं, सगळं पडवीतल्या माझ्या टेबलावर. कोणी बांगडे घेऊन यायचं, कोणी नुसतंच. मी कधी काही मागितलं नाही. मला हवं होतं ते त्याशिवायच मिळत होतं. बायका मागे उभ्या राहून पडद्याकडे बघत आणि मी काय टाईप करते त्यातलं त्यांना काही कळत नसे, हे मला फार आवडायचं.

बंदर जवळ असलेल्या घरात कॉम्प्युटर जगवणं सोपं नाही. खारा वारा खिळेसुद्धा खातो. दर मे महिन्यात मी मागचं झाकण काढायची, रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडायची, मेमरीची पट्टी उपसून तिचे पिवळे दात खोडरबराने घासायची आणि पट्टी पुन्हा खटकन बसवायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मशीन बंद पडलं तेव्हा रडकुंडीला येऊन केलं आणि जमलं. त्या दिवसापासून मी स्वतःला इंजिनिअरच समजत होते.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं करायला धाकटी मुंबईहून आली. माहेर दाभोळचं, शिकली मुंबईत. दिराने तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. पाटासारखा चपटा, पंख्याचा आवाज नाही, आणि बोलायचा. मराठीत बोलायचा!

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्याला विचारलं, "गुडघा कधी बरा व्हायचा रे बाबा?" त्याने नीट समजावून सांगितलं, रोज किती चालायचं, डॉक्टरांना कधी दाखवायचं. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगो, ह्यो तर माज्याशी डॉक्टरापेक्षा जास्त बोलला."

मी हसले. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस बसून त्यांचे सगळे कागद मी भरले होते, तेव्हा असं कौतुक कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

महिनाभरात पडवीतली माणसं माझं टेबल ओलांडून आत जायला लागली. धाकटी कोणाला बोलवत नव्हती. उलट म्हणायची, "ताईंना विचारा, त्यांना माहीत आहे." पण शेजारची, जिच्या तिन्ही मुलांचे फॉर्म मी भरलेत, तीच मला तोंडावर म्हणाली, "धाकटीचा मशीन सोताच लिवतो. तुमाला कशाला तरास?" मी म्हटलं, बरं झालं बाई, मला तेवढीच विश्रांती. आणि घरात जाऊन माशांच्या तव्यावर सगळा राग काढला. त्या दिवशीचे बांगडे जळले. नवरा करपलेली साल काढून जेवला.

त्यातच माझ्या कॉम्प्युटरवर एक निळी चौकट यायला लागली. जुनी प्रणाली आता सांभाळली जाणार नाही, नवी घ्या. नवी घ्यायला गेले तर उत्तर आलं, तुमचा संगणक यासाठी पात्र नाही. पात्र नाही! बारा वर्षं घासूनपुसून ठेवलेला माझा कॉम्प्युटर. मला ते त्याला नाही, मलाच म्हटल्यासारखं लागलं.

तरी मी हार मानली नाही. निदान मेमरीची एक मोठी पट्टी टाकावी म्हणून शहरातल्या दुकानात गेले. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने भाव सांगितला आणि मी पर्स बंद केली.

"ताई, मेमरी सोन्यासारखी झालीय," तो म्हणाला. "एआयवाल्यांच्या मोठमोठ्या केंद्रांना लागते ना, बनवणारे सगळे तिकडेच वळले. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो?"

"कधी उतरेल?"

"एवढ्यात तरी नाही. जुनी आहे ती जपून वापरा."

परतीच्या रिक्षात मी एकच हिशोब घालत होते. धाकटीच्या लॅपटॉपातला तो बोलणारा शहाणा कुठल्या तरी लांबच्या केंद्रात बसून बोलतो. त्या केंद्राला मेमरी लागते. म्हणून ती मला मिळत नाही. म्हणजे माझी माणसं नेली ती नेली, वर माझ्या मशीनच्या तोंडचा घासही त्यानेच काढून घेतला. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू जरा झोप." पण मला अजूनही वाटतं की माझं अगदीच चूक नव्हतं.

आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला पुरुष होडी पुजायला बंदरावर जातात आणि घरातल्या हत्यारांची पूजा थोरल्या सुनेने करायची. सासूबाईंचा मासळीचा तराजू, कोयती, विळी, जाळं विणायच्या सुया आणि गेली बारा वर्षं माझा कॉम्प्युटर. यंदा धाकटीने तिचा लॅपटॉपही आणून दिला. "ताई, यालाही लावा गंध."

मी माझा डबा चौरंगावर मधोमध ठेवला. झेंडूची जाडजूड माळ घातली. लॅपटॉपला म्हटलं तर जागा होती, म्हटलं तर नव्हती. मी तो तराजूच्या मागे, भिंतीला उभा टेकवला, कुशीवर, चार्जिंगचं बारीक तोंड वर करून. माळ संपली होती, म्हणून एक सुटं फूल.

अक्षतांना तांदूळ अखंड लागतात, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. माझ्या मशीनला मी तसेच घेतले, निवडून. वाटी संपली. तांदळाच्या डब्यात अजून होते. पण हाताशी घावन्यांसाठी काढलेल्या कण्या होत्या आणि मी त्यांनाच कुंकू लावलं. कंटाळा आला होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कंटाळा नव्हता. तिच्या वस्तूला तुटका तांदूळच बरा, असं माझ्या मनात आलं होतं.

मी कण्या टाकल्या आणि एक लाल कणी त्या बारीक तोंडात गेलेली मला दिसली.

हाताने टिपली असती तर तेव्हाच निघाली असती. मी आरतीचं तबक उचललं.

दुसऱ्या दिवशी धाकटी शेजारणीला सांगत होती, "माझा चार्ज होत नाहीय. ताईंकडे जा." शेजारीण आली. धाकटीच्या मुंबईकडच्या मैत्रिणींचे ईमेल आले, तिने त्यांनाही मोबाईलवरच कसंबसं उत्तर दिलं. इकडे माझ्या पडवीत पुन्हा चपलांचा ढीग. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली होती. माझं मशीन गुरगुरत, अडखळत का होईना चालत होतं. पहिल्या दिवशी मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी धाकटी माझ्या माणसांसाठी चहा घेऊन आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. चौथ्या दिवशी तर अर्ध्या ताटावरून उठले. एवढी महागाची वस्तू आपल्यामुळे कायमची गेली असेल तर?

पाचव्या दिवशी दुपारी, फॉर्मची गर्दी ओसरल्यावर, ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. "ताई, बघता का जरा? तुमचा हात हलका आहे."

मी लॅपटॉप पुरता बंद केला. खराट्याचा एक हीर मोडून विळीवर त्याचं टोक तासलं. खिडकीच्या उजेडात धरून हळूच फिरवलं. कणी आतल्या पट्टीला चिकटून बसली होती. तिसऱ्या खेपेला निघाली आणि माझ्या तळहातावर पडली. कुंकू अजून लाल होतं. चार्जर लावला, दिवा लागला. माझा जीव भांड्यात पडला.

"धूळ होती," मी म्हटलं आणि मूठ मिटली.

"कणी होती," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी पाहिली होती, ताई, पडताना. तुमच्या मागेच उभी होते."

मी विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही काढलीस?"

ती चार्जरची वायर गुंडाळत होती. "काढणार होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीणबाई तुमच्या टेबलाशी येऊन बसल्या आणि तुम्ही त्यांच्याशी हसून बोललात. मी आल्यापासून तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, फॉर्मची तारीख होईपर्यंत राहू दे आत."

सासूबाईंनी हाक मारली म्हणून ती उठून आत गेली. लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवून गेली, माझ्या कॉम्प्युटरच्या शेजारी.

मी तशीच बसून राहिले, मुठीत कणी घेऊन. माफी मागायला हवी होती. ती मी संध्याकाळी मागितलीही. पण त्या क्षणी मनात माफी नव्हती. इतके महिने मी तिच्या लॅपटॉपवर जळत होते. तो काय, मेमरीचा भाव उतरला की एखाद्या वर्षी मीही घेईन. पण डोळ्यांदेखत कणी पडताना बघून पाच दिवस गप्प राहायचं, आणि ज्या बाईने ती आत राहू दिली तिलाच चहा नेऊन द्यायचा, हे मला कुठून आणता येणार होतं? मी जळले. आधीपेक्षा जास्त जळले.