माझ्या हातचं पाणी

ती "पाणी" म्हणाली म्हणून पेला तिच्या ओठाला लावला. एवढाच माझा गुन्हा.

वकिलाची तरणी सून, दवाखान्याच्या स्पेशल खोलीत तापानं फणफणलेली. मी तिथली नर्स. सासू उशाशी बसलेली. तिनं आयाला हाक मारली, पेला मोरीत ओतायला लावला, राखेनं घासून घेतला. मग मला म्हणाली, "सुई टोच, भांडं उचल. पाण्याला हात लावू नकोस." सून कोरडे ओठ चाटत बघत राहिली.

भांडं म्हणजे शौचाचं. सकाळपासनं मीच उचलत होते. ते चाललं. महाराच्या पोरीनं टोचलेली सुईपण चालली. पाणी तेवढं बाटलं. संस्थान जाऊन कोल्हापुरात कलेक्टर आला होता, अस्पृश्यता कायद्यानं गेली होती. त्या स्पेशल खोलीत कायद्याला कुणी शिरू दिलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांकडं तक्रार नेली. ते गोड हसले. रोग्याचं मन राखणं हेसुद्धा नर्सिंगच, म्हणाले. पाणी दुसरी देईल, तू बाकीचं बघ. बाकीचं म्हणजे घाण. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

त्याच सुमारास नेसरीची आत्या पोटाच्या दुखण्यानं बेजार झाली. तिला घेऊन एका निसर्गोपचारवाल्या मास्तरांकडं गेले. गावाबाहेर पत्र्याची शेड. औषध कसलंच न्हाई. टबातल्या गार पाण्यात बसवायचं, पोटावर ओल्या मातीची पट्टी. मला हसूच आलं. मी सुई-बाटलीची बाई, चिखलानं काय होतंय?

मास्तर म्हणाले, नर्स हायस न्हवं, टब भर. मी आधीच सांगून टाकलं, मी महाराची.

"मग? आड तिकडं हाय. बादली उचल."

दोर हातात धरला आणि मला रडू फुटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला आडावर जा म्हटलं होतं.

आत्याला उतार पडला. मी दवाखाना सोडला. सरकारी पगारावर लाथ मारतीस व्हय, म्हणून आई बोंबलली. मारली लाथ. मास्तरांच्या हाताखाली सगळं शिकले. ज्याचं पाण्यानं भागणार न्हाई, त्याला वेळेत दवाखान्यात धाडायचं, हेपण शिकले. मास्तर गेले, शेड माझ्याकडं आली.

आणि एके दिवशी दारात टांगा. तीच सासू, पोट धरून. टांग्यात घरच्या पाण्याच्या घागरी, सोबत मोलकरीण. म्हणाली, तू नुसतं लांबून सांग, पाणी आमची बाई ओतेल. रोग्याचं मन राखावं गं.

"हितं पाणी मीच ओतते. चालत नसंल तर टांगा उभा हाय."

"माजलीस," म्हणाली.

"व्हय."

टांगा वळला. घागरी हिंदकळत गेल्या. मला काडीचं वाईट वाटलं न्हाई, आजही वाटत न्हाई.

त्या दिवसापासनं दारातच माठ ठेवलाय. येईल त्याला आधी माझ्या हातानं पेलाभर पाणी देते. वकील असो, मामलेदार असो. माझ्यासमोर पितो, तोच आत येतो.